दुसऱ्या रिमोटला स्टार्ट का नाही?

वाचकहो, या वेळी दहावीच्या निकालावर लिहू असं गेल्या अंकात आम्ही कबूल केलं होतं. तो विषय पुढच्या महिन्यावर ढकलावा लागतो आहे, आणि त्याला कारण आमच्या घराच्या माळ्यावरची एक पत्र्याची पेटी.

मे महिन्यात भाईजान, भाभी आणि त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा मुंब्र्याहून गावी आले. एरवी चार दिवसांसाठी येतात, या वर्षी दोन महिन्यांसाठी आले. गेल्या हिवाळ्यात भाईजानना लकव्याचा झटका आला. अल्लाहच्या कृपेने बोलणं आणि चालणं परत आलं, पण उजवा हात अजून साथ देत नाही. बोटं मिटतात, उघडायला सांगितली की ऐकत नाहीत. शर्टाची बटणं भाभी लावून देतात. पन्नाशीतल्या कर्त्या माणसाला हे किती बोचत असेल! दिवसभर ते ओसरीवर खुर्चीत बसून असत आणि भाचा कोपऱ्यात मोबाइलमध्ये. एका दुपारी अम्मींनी पोराला लोणच्याच्या रिकाम्या बरण्या काढायला माळ्यावर पाठवलं, आणि तो बरण्यांऐवजी पेटी घेऊन उतरला.

पेटीत आमचा टीव्ही गेम होता. १९९१ साली अब्बांनी मस्कतहून आणलेला. करड्या रंगाचा डबा, दोन रिमोट, एक काळं प्लास्टिकचं पिस्तूल आणि पिवळ्या कॅसेटी. आमच्या पिढीच्या वाचकांना अधिक वर्णन नको. कॅसेट चालली नाही की काढायची, तिच्या तोंडात फुंकर मारायची आणि परत बसवायची, हे शास्त्र तेव्हा घरोघरी अवगत होतं. ‘कंट्रोलर’ हा शब्द आम्ही फार उशिरा ऐकला. वायर असली तरी तो रिमोटच.

भाच्याने दोन्ही रिमोट उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, “फुफी, या दुसऱ्याला स्टार्ट का नाही?”

हाच प्रश्न आम्ही अकराव्या वर्षी भाईजानना विचारला होता. ते तेव्हा पंधरा वर्षांचे, घरातले थोरले. पहिला रिमोट अर्थातच त्यांचा. त्यावर मधोमध दोन लांबट बटणं, सिलेक्ट आणि स्टार्ट. आमच्या वाट्याच्या दुसऱ्या रिमोटवर ती जागा कोरी. म्हणजे खेळ सुरू करणार ते, थांबवणार ते, आणि आम्ही पुढे जाऊ लागलो की नेमकी तहान लागणार तीही त्यांनाच. स्टार्ट दाबला की पडद्यावरचं सगळं जागच्या जागी गोठायचं. “दुसऱ्याला असंच असतं,” हे त्यांचं उत्तर. त्या एका वाक्यावर आमचं बालपण निघालं.

पण वर्गात मुलाने प्रश्न विचारला आणि आम्ही ‘असंच असतं’ म्हणालो, तर आमचा बीएड कशासाठी? म्हणून भाच्यासमोर आम्ही वेळ मागून घेतला आणि शोधाला लागलो. उत्तर मिळालं ते इतकं गमतीचं होतं की दहावीचा निकाल मागे पडला.

आधी हे ध्यानात घ्यावं की आमचा डबा नक्कल होता. अस्सल यंत्र जपानच्या क्योतो शहरातल्या निन्टेन्डो कंपनीचं. १५ जुलै १९८३ रोजी ते बाजारात आलं. नाव ‘फॅमिली कॉम्प्युटर’, लोकांच्या तोंडी ‘फॅमिकॉम’. मासायुकी उएमुरा या अभियंत्याने ते बनवलं. पांढरा-लाल डबा, आणि दोन रिमोट डब्यालाच कायमचे जोडलेले. वायर काढता येत नसे. खेळ संपला की दोन्ही रिमोट डब्याच्या दोन अंगांना केलेल्या खाचांत उभे ठेवायचे. वायरही आखूड. एखादा रिमोट बिघडला तर दुसरा आणून जोडण्याची सोय नाही, डबा उघडावा लागे. पहिल्या काही रिमोटांची ए आणि बी बटणं चौकोनी, मऊ रबराची होती. दाबताना कोपरा कडेला अडकून बटण आतच बसायचं. मग कंपनीने गोल, टणक बटणं केली. आपण जी गोल बटणं जन्मतः गोल समजत होतो, ती अशी तक्रारींतून गोल झाली आहेत.

आता मुख्य गोष्ट. त्या जपानी यंत्राच्या दुसऱ्या रिमोटवरही स्टार्ट आणि सिलेक्ट नव्हते. मात्र तिथली जागा कोरी नव्हती. तिथे होता एक छोटा माइक, आणि त्याचा आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी! रिमोट तोंडाजवळ धरून बोललं की आपला आवाज टीव्हीतून बाहेर पडायचा. पहिल्याला हुकूम चालवायचा अधिकार, तर दुसऱ्याला आवाज. वाटणी अगदीच वाईट म्हणता येणार नाही.

हा माइक वापरणारे खेळ फार निघाले नाहीत, पण निघाले ते लक्षात राहण्यासारखे. १९८६ सालच्या ‘लेजेंड ऑफ झेल्डा’ या खेळात तळघरांमध्ये लांब कानांचे, सशासारखे दिसणारे राक्षस फिरतात. नाव ‘पोल्स व्हॉइस’. तलवारीने ते लवकर मरत नाहीत. उपाय एकच, माइकमध्ये जोरात ओरडायचं. एवढे मोठे कान, त्यांना आवाज सोसवत नाही, ते पटकन मरून पडतात. विचार करा, तलवार पहिल्या रिमोटवाल्याच्या हातात, आणि राक्षस मरतो दुसऱ्याच्या ओरडण्याने. ‘किड इकारस’ या दुसऱ्या खेळात तर दुकानदाराशी भावाची घासाघीसही याच माइकवर चाले. भाभी हे ऐकून म्हणाल्या, हा खेळ आम्हाला द्यायचा होता.

पुढे १९८५ मध्ये हेच यंत्र अमेरिकेत गेलं तेव्हा त्याचं रूप पालटलं. वायरी काढता-घालता येऊ लागल्या, दोन्ही रिमोट एकसारखे झाले, दुसऱ्यालाही स्टार्ट मिळाला. माइक मात्र गेला. झेल्डा तिकडे पोहोचला तेव्हा त्याच्या इंग्रजी माहितीपुस्तकात ते वाक्य तसंच राहिलं, की या राक्षसाला मोठा आवाज सहन होत नाही. आता अमेरिकन मुलांनी करायचं काय? माइकच नाही! खेळात एक बासरी मिळते. पोरं ती वाजवून पाहत, राक्षस ढिम्म. खरं म्हणजे बाण मारला की तो मरत असे. पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती निघावी, धडा बदलावा आणि स्वाध्याय जुन्या धड्याचाच राहावा, तसा हा प्रकार. असले स्वाध्याय आम्ही शिकवले आहेत, त्यामुळे आम्हाला त्या मुलांची दया येते.

आणि आमचा डबा? तैवान, हाँगकाँग आणि चीनमध्ये या जपानी यंत्राच्या नकला निघाल्या. आखातातल्या आणि आपल्याकडच्या बाजारात ‘टीव्ही गेम’ म्हणून आल्या त्या याच. आमच्या डब्याच्या नक्कलकारांनी जपानी मांडणी उचलली. दुसऱ्या रिमोटला स्टार्ट नाही, म्हणून यांनीही दिला नाही. माइकला खर्च येतो, म्हणून तो काढून टाकला. वर दोन जादा बटणं घातली, दाबून धरली की आपोआप धडाधड गोळ्या सुटतात ती. म्हणजे जपानी दुसऱ्याला स्टार्ट नव्हता पण आवाज होता, अमेरिकन दुसऱ्याला आवाज नव्हता पण स्टार्ट होता, आणि कोकणातल्या दुसऱ्याला यातलं काहीच नव्हतं.

हे आम्ही भाईजानना ऐकवलं. ते बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसले. “माइक असता तर तू अब्बांना हाका मारल्या असत्यास,” म्हणाले. ते खरंच आहे.

रिमोटच्या डाव्या बाजूचं ते अधिक-चिन्ह, तेही कुणी तरी विचार करून काढलेलं आहे. त्याआधी दिशा द्यायला दांडा असे. १९७७ च्या अटारी यंत्राचा तो प्रसिद्ध काळा दांडा. ठोकळा डाव्या हातात धरायचा, दांडा उजव्या मुठीत, आणि एकुलतं एक लाल बटण डाव्या अंगठ्याखाली. निन्टेन्डोला १९८२ मध्ये ‘डाँकी काँग’चा वहीसारखा मिटणारा, खिशात मावणारा खेळ काढायचा होता. दांडा ठेवला तर वही मिटणार कशी? गुनपेई योकोई यांनी दांड्याऐवजी चपटं अधिक-चिन्ह बसवलं. अंगठा एका जागी ठेवायचा आणि नुसता कलवायचा. फॅमिकॉमने तेच उचललं आणि हातांची कामंही बदलली, दिशा डाव्या अंगठ्याकडे, मारा उजव्याकडे. वर्गात डावखुरी मुलं कात्रीशी झगडताना आम्ही पाहतो. वस्तू बनवणारा कुठल्या हाताचा विचार करतो ते त्या वेळी कळतं. इथे मात्र अवघड काम डाव्या हाताला मिळालं आणि जगभरच्या उजव्या हाताच्या पोरांनी ते तक्रार न करता शिकून घेतलं.

उजव्या बाजूच्या दोन बटणांवर डावीकडून उजवीकडे वाचलं तर आधी बी येतं, मग ए. इंग्रजीच्या शिक्षकाला हे उलटं वाटेल. आम्ही उर्दू शिकवतो. अलिफ उजवीकडे आणि बे त्याच्या डावीकडे, यात आम्हाला काही गैर दिसलं नाही. लहानपणीही नव्हतं दिसलं.

भाच्याला मात्र आमच्या या जुन्या मालाचं कौतुक थोडं कमीच. त्याच्या मित्राकडे प्लेस्टेशन आहे. त्याच्या रिमोटवर अक्षरं नाहीत, त्रिकोण, चौकोन, गोल आणि फुली. “ही चिन्हं का, ते तरी माहीत आहे का?” असं विचारून आम्ही आमची बाजू सावरली. १९९४ च्या डिसेंबरात जपानमध्ये प्लेस्टेशन आलं. त्याचा रिमोट तेइयू गोतो यांनी घडवला. त्रिकोण म्हणजे नजर, कुठल्या दिशेला पाहायचं ते; चौकोन म्हणजे कागद, यादी; गोल म्हणजे होय आणि फुली म्हणजे नाही.

गोल म्हणजे होय? इथे आमच्यातला शिक्षक अडला. आम्ही चुकलेल्या शब्दाभोवती लाल शाईने गोल काढतो! पण जपानमधले शिक्षक बरोबर उत्तरावर गोल काढतात, आणि आपण ज्या खुणेने ‘शाब्बास’ म्हणतो तसली टिक तिथे चुकीच्या उत्तरापुढे येते. आमच्या हातचे तपासलेले पेपर जपानी आईने पाहिले तर सगळा वर्ग नापास समजून ती रडत बसेल. बाहेरच्या देशांत प्लेस्टेशनच्या खेळांमध्ये हळूहळू फुलीच ‘होय’ झाली आणि गोल ‘मागे जा’. जपानमध्ये मूळ अर्थ टिकून होता. एकाच रिमोटचे दोन देशांत दोन उलटे अर्थ, असं २५ वर्षं चाललं. अखेर २०२० मध्ये पाचवं प्लेस्टेशन आलं तेव्हा कंपनीने जपानमध्येही फुलीलाच ‘होय’ केलं. गोतोंच्या देशातल्या मुलांना आता गोल दाबून नकार द्यावा लागतो.

यानंतर पिस्तुलाचा प्रयोग झाला. भाच्याने डबा दिवाणखान्यातल्या सपाट टीव्हीला जोडला. पिवळी-पांढरी पिन अजून लागते, चित्रही आलं. पण बदकांच्या खेळात पिस्तूल काही केल्या लागेना. “खराब झालंय,” त्याने निकाल दिला. खराब झालं नव्हतं. या पिस्तुलातून काही सुटत नाही, उलट त्याच्या नळीत उजेड ओळखणारा डोळा असतो. चाप ओढला की टीव्हीचा पडदा पापणी लवायच्या आत काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. डोळ्याला आधी अंधार आणि मग उजेड दिसला तर नेम बरोबर. म्हणून विजेच्या दिव्यावर रोखून फसवता येत नाही, दिवा काळा होत नसतो. हे सारं गणित जुन्या काचेच्या टीव्हीवर बांधलेलं, तिथे चित्र त्याच क्षणी उमटतं. नव्या टीव्हीत ते किंचित उशिरा येतं. तोवर डोळा मिटलेला असतो. आम्ही माळ्यावरून क्रोशाच्या रुमालाखालचा जुना टीव्ही उतरवला. तो लागला याचं आश्चर्य आम्हाला अजून आहे. तिसऱ्या नेमाला बदक पडलं.

आणि याच खेळात एक कारस्थान उघडकीला आलं. पिस्तूल दुसऱ्या रिमोटच्या जागी लावावं लागतं. पहिला रिमोट आपल्या जागी तसाच असतो. त्या रिमोटच्या अधिक-चिन्हाने बदकाला हवं तिकडे वळवता येतं! एकच बदक उडतं त्या पहिल्या प्रकारात ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे. ज्यांनी १९९१ च्या उन्हाळ्यात आमच्या शेजारी ‘मी नुसता बघतो’ म्हणत पहिला रिमोट मांडीवर ठेवला होता, त्यांच्याकडे आम्ही पाहिलं. भाईजान खिडकीबाहेर पाहू लागले.

त्या रात्री त्यांनी स्वतःहून मारिओची कॅसेट मागितली. डावा अंगठा अधिक-चिन्हावर बरोबर बसला, तो काही विसरलेला नव्हता. उजवा हात बटणांपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. दोन-तीनदा प्रयत्न केला. मग रिमोट खाली ठेवून ते म्हणाले, “असू दे. पोराला खेळू दे.” घरात कुणी काही बोललं नाही. टीव्हीवरचं गाणं तेवढं वाजत राहिलं.

आम्हाला त्या रात्री झोप लागली नाही. आपल्याआधी कुणाला तरी हे सुचलंच असणार, असं वाटून सकाळी पुन्हा वाचायला बसलो. सुचलं होतं. १९८९ मध्ये निन्टेन्डोनेच अमेरिकेत ‘हँड्स फ्री’ नावाचा रिमोट काढला होता. तो छातीवर पट्ट्यांनी बांधायचा. दिशा द्यायची हनुवटीने, एक छोटा दांडा हलवून. आणि ए-बीचं काम एका नळीने, एक बटण फुंकर मारून, दुसरं हवा ओढून. दोन्ही हात नसले तरी मारिओ उडी मारणार! जपानमध्ये अॅस्की कंपनीचा एका हातात मावणारा रिमोटही होता. तो केला होता संथ, गोष्टीरूप खेळांसाठी, की एका हाताने खेळावं आणि दुसरा मोकळा राहावा. ज्यांना मुळात एकच हात चालवता येतो त्यांच्याही तो कामाचा. अलीकडे २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने दोन मोठ्या थाळ्यांसारखी बटणं असलेला रिमोट आणला आहे. त्याच्या पाठीला १९ छिद्रं आहेत. प्रत्येकात वेगळं बटण जोडता येतं, पायाने दाबा, कोपराने दाबा. यातलं काहीच आमच्या तालुक्याच्या गावी मिळणार नव्हतं, आणि भाईजाननी मागवूही दिलं नसतं.

मग आम्हीच एक काम केलं. रिमोट उशीवर ठेवला, ते डावीकडे बसले, आम्ही उजवीकडे. अधिक-चिन्ह त्यांचं, बटणं आमची. पहिल्या खड्ड्यात मारिओ सहा वेळा पडला. “आत्ता!” ते ओरडत, आणि आमचा अंगठा पोहोचेपर्यंत मारिओ गेलेला. तुला कधी वेळेवर काही जमलं नाही, इथपासून तुम्ही आधी सांगत नाही, इथपर्यंत भांडण गेलं. अम्मी आतून म्हणाल्या, किती वर्षांनी घरात आवाज झाला.

तिसऱ्या दिवशी भाईजाननी वाटणी बदलली. मारिओमध्ये ए म्हणजे उडी. ते दाबून लगेच सोडावं लागतं. बी मात्र दाबून धरायचं असतं, धरलं की तो पळतो. सोडणं हीच त्यांच्या हाताची अडचण, धरणं नव्हे. मिटलेल्या बोटाचं पेर त्यांनी बीवर टेकवलं आणि हात तसाच पडू दिला. मारिओ पळू लागला. ए तेवढं आमच्याकडे राहिलं. थांबायची वेळ आली की ते बोट उचलायला जातात; कधी लगेच उचललं जातं, कधी मारिओ कासवावर जाऊन आदळतो. व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी हा प्रकार पाहिला आणि खेळत राहा म्हणाल्या, मात्र दर दहा मिनिटांनी विसावा घ्यायचा आणि ताईंनी दिलेले व्यायाम चुकवायचे नाहीत. खेळाने हात बरा होईल असं त्या म्हणाल्या नाहीत, आम्हीही म्हणत नाही.

काल असरनंतर आम्ही तिघे बसलो होतो. चौथ्या जगाच्या शेवटच्या किल्ल्यात पोहोचलो. तिथे वाट चुकली की मारिओ गोल फिरून तिथेच येतो. भाचा शेजारून वाट सांगत होता, पूल दिसू लागला होता, आमचा अंगठा एवर तयार होता. आणि भाईजाननी डावा अंगठा लांबवून स्टार्ट दाबला.

“पाणी आण जरा,” म्हणाले. “तहान लागली.”